सुप्राचं इंजिन आणि नानांचा टँकर: जुन्या सहा सिलिंडरला टर्बो लावायचा का?

मागच्या भागाचा हा लेखी अवतार. ऐकताना आकडे कानावरून निघून जातात, "ते हवेच्या तापमानाचं परत सांग ना" असे बरेच मेसेज आले, म्हणून सगळं नीट लिहून काढलंय. बोलण्यातलं "म्हणजे बघा" आणि "काय म्हणतात त्याला" बरंचसं गाळलंय, सगळं नाही. प्रत्येक तुकड्याला वेळ दिलीय, हवं तिथून ऑडिओ ऐका.

(००:४०) प्रश्न कुठून आला

एका श्रोत्याने विचारलं होतं: "दादा, जुन्या सुप्राचं तीन लिटरचं इंजिन हजार हॉर्सपॉवर कसं काय देतं? आणि आपल्याकडच्या जुन्या गाडीला टर्बो लावला तर चालेल का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला मजा येते. दुसऱ्याचं उत्तर द्यायला जरा लाज वाटते, कारण ते उत्तर मी एकदा चुकीचं दिलंय. आणि ते माझ्या चुलत्यांना महागात पडलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी आष्टीचा. जालना जिल्हा, परतूर तालुका. बीडची आष्टी वेगळी, वर्ध्याची अजून वेगळी. बी.टेक. केलं, आता पुण्यात कोड लिहितो. पण गाड्यांचं वेड गावातलंच. आमच्याकडे स्पोर्ट्स कार कुठली, ट्रक होता. गंमत अशी, की त्या ट्रकचं इंजिन आणि सुप्राचं इंजिन एकाच पद्धतीचं होतं. एका रांगेत सहा सिलिंडर.

(०२:१५) सहाच का आणि रांगेतच का

साधं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. दोन पिस्टन वर जातात तेव्हा दोन खाली येतात. वाटतं हिशोब बरोबर जुळला. पण जुळत नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होतो, त्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या भागात जरा जोरात पळतो आणि खालच्या अर्ध्यात जरा हळू. वर-खालचा धक्का पूर्ण फिटत नाही. क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा थरथर उरते. मोठ्या चार सिलिंडर इंजिनात ती थरथर मारायला वेगळे बॅलन्स शाफ्ट बसवतात, ते त्यामुळेच.

सहा सिलिंडर रांगेत असले की क्रँकचे हात १२०-१२० अंशांवर येतात. पहिला आणि सहावा पिस्टन बरोबर वर येतात, दुसरा आणि पाचवा बरोबर, तिसरा आणि चौथा बरोबर. पुढचा अर्धा भाग म्हणजे मागच्या अर्ध्याचं आरशातलं प्रतिबिंब. सगळे धक्के एकमेकांत फिटतात, ती दुसरी थरथरसुद्धा. कुठलाही जास्तीचा शाफ्ट न लावता. म्हणून असं इंजिन चालू असताना त्यावर चहाचा ग्लास ठेवून दाखवणारे व्हिडिओ तुम्ही बघितले असतील.

दुसरं, दर १२० अंशांना एक स्फोट. एका सिलिंडरचा जोर पूर्ण संपायच्या आत दुसरा सुरू होतो. क्रँकला सतत ढकल मिळते.

तोटा? लांबी. लांब क्रँक थोडा पिळवटतो, दोरी पिळावी तसा. त्यासाठी पुढच्या टोकाला रबर घातलेली जड पुली असते, तिला डँपर म्हणतात. ही पुली लक्षात ठेवा, पुढे काम आहे तिचं.

(०४:५०) घराणं

आता नावं घेऊ. सुप्राची चौथी पिढी, ए-एटी, १९९३ मध्ये आली. तिच्यातलं २जेझेड-जीटीई इंजिन २९९७ सीसी, बोअर ८६ मिमी आणि स्ट्रोकही ८६ मिमी. ब्लॉक लोखंडी बिडाचा. क्रँकला सात मेन बेअरिंग. पिस्टनच्या पोटावर तेलाचा फवारा मारणारे नोझल. दोन टर्बो. कंपनीने परदेशात पाठवलेल्या गाडीत ३२० हॉर्सपॉवर दिली होती. पण ब्लॉक एवढा दणकट, की लोकांनी आतलं सामान बदलून, मोठा एकच टर्बो लावून त्यातून हजाराच्या वर काढली. २००१ मध्ये 'द फास्ट अँड द फ्युरियस' सिनेमात ती केशरी सुप्रा दिसली आणि पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

निसानच्या स्कायलाइन जीटी-आरमधलं आरबी२६ हेही याच पद्धतीचं. त्याच्या कितीतरी आधी, १९४८ मध्ये, जॅग्वारने ३.४ लिटरचं एक्सके इंजिन आणलं, तेही सरळ सहा. ते जॅग्वार २००८ पासून टाटांचं आहे.

पण टाटांकडे सरळ सहा त्याच्या फार आधीपासून होतं. १९५४ मध्ये टेल्को आणि मर्सिडीझ-बेंझ यांचा ट्रक बनवण्याचा करार झाला, तो १९६९ पर्यंत चालला. त्या घराण्यातून आलेलं टाटा ६९७ इंजिन तुमच्या-माझ्या लहानपणी प्रत्येक दुसऱ्या ट्रकमध्ये होतं. नावातच सगळं आहे: सहा सिलिंडर, ९७ मिमीचा बोअर. स्ट्रोक १२८ मिमी. गुणाकार करून बघा, ५६७५ सीसी येतात. मर्सिडीझच्या ओएम३५२ चं माप हेच.

ट्रकखाली झोपलेला क्लीनर आणि टोकियोच्या हायवेवर सुप्रा पळवणारा, दोघांच्या गाडीचा फायरिंग ऑर्डर एकच: १-५-३-६-२-४. हे मला कळलं त्या दिवशी मला आमच्या ट्रकबद्दल भलताच अभिमान वाटला होता. आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

(०७:३०) टर्बो म्हणजे नेमकं काय

इंजिनाची ताकद शेवटी हवेवर ठरते. इंधन हवं तेवढं ओतता येतं, पण ते जाळायला हवा पाहिजे. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. साधं इंजिन पिस्टन खाली ओढून जेवढी येईल तेवढी हवा घेतं. टर्बो ती आत कोंबतो.

कोंबायला जोर कुठून आणतो? फुकटातून. जळालेल्या इंधनाच्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून गरम धूर म्हणून निघून जातो. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं: एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एक धुराने फिरतो, त्याच्यामुळे दुसरा फिरतो आणि ताजी हवा दाबून इंजिनात पाठवतो. गाडीतला छोटा टर्बो मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल थांबलं की संपलं.

सरळ सहाला टर्बो एवढा का मानवतो? दोन कारणं. एक, सगळे धुराचे नळ एकाच बाजूला. व्ही आकाराच्या इंजिनात दोन्ही बाजूंनी पाइप फिरवत आणावे लागतात. दोन, तो फायरिंग ऑर्डर परत वाचा: १-५-३-६-२-४. पुढचे तीन सिलिंडर (१, २, ३) आणि मागचे तीन (४, ५, ६) असे गट केले तर पुढचा, मागचा, पुढचा, मागचा अशी पाळी येते. प्रत्येक गटात दोन स्फोटांमध्ये २४० अंशांचं अंतर. म्हणजे एका सिलिंडरच्या धुराचा धक्का दुसऱ्याच्या मधे येत नाही. गटागटाने दोन वेगळ्या वाटांनी धूर टर्बोत सोडला की टर्बो लवकर जागा होतो. गर्दीत एकाच दारातून सगळे घुसण्यापेक्षा दोन दारं आणि रांग, एवढंच.

(१०:२०) मराठवाड्यातला मे महिना आणि इंटरकूलर

इथे आकडे आहेत, सावकाश वाचा.

समजा बाहेर ४० अंश आहे. टर्बो ०.७ बार बूस्ट देतोय, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचा दाब बाहेरच्या १.७ पट. तुम्ही म्हणाल, मग हवा १.७ पट गेली. नाही गेली. सायकलला पंप मारताना नळीचं बूड तापतं, आठवतंय? हवा दाबली की तापते. टर्बोचा कॉम्प्रेसर ७० टक्के कार्यक्षम धरला, तर त्यातून बाहेर पडणारी हवा ११३ अंशांच्या आसपास असते. तापलेली हवा पसरते. त्यामुळे सिलिंडरमध्ये खरी वाढ होते ती १.३८ पट.

आता मधे इंटरकूलर लावला, म्हणजे हवेसाठीचा रेडिएटर, आणि हवा ५८ अंशांपर्यंत खाली आणली, तर तोच दाब १.६ पट हवा देतो. टर्बो तोच, बूस्ट तेवढाच. फरक फक्त थंडाव्याचा. शिवाय आत जाणारी हवा जेवढी थंड, तेवढं सिलिंडरमधलं सगळंच थंड: पिस्टन, वॉल्व्ह, धूर.

म्हणून "बूस्ट किती ठेवलाय?" हा अर्धा प्रश्न आहे. "हवा किती अंशांची जाते?" हा उरलेला अर्धा.

(१२:४५) माझी चूक

२०१६ चा उन्हाळा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तो. आमच्याकडेही विहिरी आटल्या होत्या. आमचे धाकटे चुलते, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, जुन्या टाटा ट्रकवर दहा हजार लिटरची टाकी बसवून वस्त्यांवर पाणी टाकत होते. दहा हजार लिटर म्हणजे दहा टन. गावाबाहेरच्या चढावर गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर येत नव्हती. फेऱ्या कमी पडत होत्या.

नानांनी कुठूनतरी पुढच्या मॉडेलचा जुना टर्बो मिळवला. त्या ६९७ ला पुढे टाटांनीच टर्बो लावून विकलंय, मग आपल्याला बसेल, असा त्यांचा हिशोब. एका माणसाने तो मॅनिफोल्डसकट चढवून दिला, पण इंटरकूलर नव्हता. गाडी जरा हलकी वाटू लागली. पण नानांना अजून पाहिजे होतं. त्यांनी मला हॉस्टेलवर फोन केला. घरातला इंजिनिअर मी. अजून सेकंड इयरला, पण इंजिनिअर.

"काय रे, अजून ताकद पाहिजे. काय करू?"

मी तोवर सुप्राचे शेकडो व्हिडिओ बघितले होते. त्यातला पहिला धडा: टर्बो लावला आणि इंधन कमी पडलं, तर मिश्रण 'लीन' होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन वितळतो. म्हणून इंधन वाढवा. मी ठासून सांगितलं, "नाना, पंपाचा फुल लोड स्क्रू अर्धा फेरा उघडायला सांगा. हवा वाढली तर डिझेल वाढवलंच पाहिजे, नाहीतर इंजिन जाईल."

दोन दिवसांनी परत फोन. "धूर लई मारायलाय रे. काळा."

"मारू द्या नाना. धूर म्हणजे पॉवर."

हे वाक्य मी खरंच बोललोय.

(१५:१०) पेट्रोल आणि डिझेल उलटे वागतात

मला कळलं नव्हतं ते हे.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन ठरलेल्या प्रमाणात मिसळून आत जातात आणि ठिणगीने पेटतात. बूस्टवर असताना इंधन थोडं जास्त ठेवतात, कारण जास्तीचं इंधन उष्णता शोषतं. कमी पडलं तर तापमान वाढतं, मिश्रण ठिणगीच्या आधी किंवा नको तिथे आपोआप पेटतं. त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनवर हातोडा मारल्यासारखं ते असतं. म्हणजे पेट्रोलमध्ये इंधन कमी पडणं धोक्याचं.

डिझेलमध्ये आधी फक्त हवा जाते. ती दाबून एवढी तापवतात की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. हवा नेहमीच गरजेपेक्षा जास्त असते आणि ती जास्तीची हवा आतलं तापमान खाली ठेवते. डिझेल वाढवत गेलं तर धूर तापत जातो. हवेच्या मानाने फारच वाढवलं तर ते पूर्ण जळत नाही आणि काळा धूर निघतो. डिझेलमध्ये इंधन जास्त होणं धोक्याचं.

म्हणजे सुप्राचा नियम मी टँकरला लावला आणि तो नेमका उलटा होता. नुसत्या टर्बोने, स्क्रूला हात न लावता, नानांचं इंजिन कदाचित बराच काळ चाललं असतं. मी त्याला वरून चूल लावली.

अजून एक. कंपनी टर्बोचं इंजिन बनवते तेव्हा नुसता टर्बो लावत नाही. पिस्टन, तेलाची व्यवस्था, रेडिएटर, पंपाचं सेटिंग हे सगळं त्या हिशोबाने ठरवते. बऱ्याच टर्बो डिझेलच्या पंपावर एक पडदा असतो. बूस्ट आला की तो दाबला जातो आणि मगच डिझेल वाढतं. आमच्या पंपाला ते नव्हतं. बूस्ट यायच्या आधीच डिझेल आत.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, चढावर, भरल्या टाकीने गाडी बसली. सहाव्या पिस्टनचा माथा वितळून कडेला खड्डा पडला होता, बोअरला ओरखडे, हेड गॅस्केट गेलेलं. पुढचे तीन आठवडे टँकर उभा. नानांनी डोक्यावर कर्ज घेऊन काम काढलं. मला त्याहून जास्त लागलं ते वस्तीवरच्या एका मावशींचं बोलणं. मी सुट्टीत घरी आलो होतो, त्या घागर घेऊन दुसऱ्या टँकरच्या रांगेत उभ्या होत्या. म्हणल्या, "इंजिनर झालास ना लेकरा? मग काढ की आता पाणी तुझ्या मोबाइलमधून."

(१८:४०) इंजिन काम: चाचांच्या हाताखाली

ती सुट्टी मी गॅरेजमध्ये काढली. मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तू सांगितलं ना स्क्रू खोलायला? मग धू हे सगळं." डिझेलच्या ट्रेमध्ये मी चार दिवस नुसते पार्ट धुतले. पण शिकलो. सुप्रा असो, जॅग्वार असो, टँकर असो, सरळ सहाचं फुल इंजिन काम याच क्रमाने जातं.

एक, खुणा. मेन बेअरिंगच्या सातही टोप्या आपापल्या जागी बसवून एकत्र बोअर केलेल्या असतात. तीनची टोपी चारला लावली तर क्रँक आवळला जातो. प्रत्येक टोपी, प्रत्येक रॉड, कुठला आणि कुठल्या तोंडाने, हे आधी खुणा करून ठेवायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर आधी बॅकअप, मग डिलीट.

दोन, बोअर. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा बोअर गेज लावल्यावर वर रुंद, खाली अरुंद निघतो, कधी अंडाकृती निघतो. नवीन लायनर घाला किंवा बोअर वाढवून ओव्हरसाइज पिस्टन घाला, शेवटी होनिंग करून एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा पाडायच्या. त्या रेघांत तेल थांबतं. आरशासारखा चकचकीत बोअर म्हणजे तेल खाणारं इंजिन.

तीन, रिंगचा गॅप. रिंग तापली की लांबते. तिच्या दोन टोकांत जागा ठेवावी लागते. साध्या इंजिनात जुना ठोकताळा म्हणजे बोअरच्या दर इंचाला चार हजारांश इंच, टर्बोला सहापर्यंत. ८६ मिमी बोअरला हिशोब केला तर साधारण ०.३४ मिमी विरुद्ध ०.५२ मिमी. फरक कागदाच्या दोन पानांएवढा. पण तो ठेवला नाही तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंग बोअरला फाडते, पिस्टनचा काठ तुटतो. साध्या इंजिनाला वरून टर्बो लावणारे बरेच जण इथेच फसतात, कारण हे बाहेरून दिसतच नाही.

चार, क्रँक. काढल्याबरोबर चाचांनी तो कोपऱ्यात उभा केला. मी म्हणलो, आडवा ठेवू, पडेल. "आडवा ठिवला तर वाकंल, लांब हाय." सहा सिलिंडरचा क्रँक उभाच ठेवायचा. मग जर्नल मोजायचे, ग्राइंडिंग करून ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइज बेअरिंग घालायचे. जर्नल आणि बेअरिंग यांच्यात तेलासाठी फट लागते, ढोबळ मानाने दर इंचाला एक हजारांश इंच. ६० मिमीच्या जर्नलला ०.०६ मिमी, डोक्याच्या केसाएवढी. कमी झाली तर तेल शिरत नाही, जास्त झाली तर प्रेशर राहत नाही.

पाच, डँपर. ती पुढची रबरवाली पुली. जुन्या गाडीत रबर वाळून चिरलेलं असतं. इंजिनावर एवढा खर्च करून लोक जुनाच डँपर परत चढवतात. क्रँकचं पिळवटणं मग कोण थांबवणार? नवीन घ्या.

सहा, हेड. सरळ सहाचं हेड लांब, त्यामुळे तापलं की वाकायची भीती जास्त. सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज सरकवून बघायचं. मग बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, तीन-चार टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच. इथे सुप्रावाल्यांनीही मार खाल्लाय. ए-एटीच्या आधीच्या पिढीतलं टर्बो इंजिन, ७एम-जीटीई, हेड गॅस्केट जाण्यासाठी बदनाम आहे. सरळ सहा म्हणजे आपोआप अमर असं नसतं.

सात, पंप आणि नोझल. टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन आणि वर सील. चाचांनी ते सील मला बोटाने दाखवलं. काही बोलले नाहीत.

आठ, पहिली सुरुवात. चालू करण्याआधी तेल सगळीकडे पोचवायचं, टर्बोच्या नळीतसुद्धा. चालू झाल्यावर तासभर नुसतं घुरघुरत ठेवायचं नाही. रिंग बोअरला बसायला मध्यम लोड लागतो. काहीशे किलोमीटरला तेल आणि फिल्टर बदलायचे. पहिल्या तेलात चकाकी दिसते, ती बघून घाबरू नका. दुसऱ्या तेलात दिसली तर घाबरा.

(२३:३०) मग टर्बो लावायचा की नाही?

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, किंवा तुम्ही ते स्वप्न बघत असाल, तर माझा क्रम हा.

आधी इंजिन निरोगी आहे का ते मोजा. सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं पाहिजे, तेलाचं प्रेशर गरम झाल्यावरही टिकलं पाहिजे, ब्रीदरमधून धूर यायला नको. दमलेल्या इंजिनाला टर्बो लावणं म्हणजे तापातल्या माणसाला पोती उचलायला लावणं.

मग पेट्रोल गाडी असेल तर कॉम्प्रेशन रेशो बघा. सुप्राच्याच साध्या इंजिनात तो १०:१ होता, टर्बोवाल्यात ८.५:१. टोयोटाने तो उगाच उतरवला नव्हता. नॉकिंग टाळायला उतरवला.

मग इंधनाचा नकाशा. ईसीयूमधला फ्युएल मॅप हे शेवटी एक कोष्टक असतं: आडवं आरपीएम, उभा लोड, प्रत्येक घरात एक आकडा, मधल्या जागी इंटरपोलेशन. कोड लिहिणाऱ्यांना हे फार सोपं वाटतं. मलाही वाटतं. पण आपल्या कोडमधला बग टेस्टिंगमध्ये लाल अक्षरांत दिसतो, इथला बग पिस्टनमध्ये भोक पाडून दिसतो. म्हणून मोजमापाशिवाय आकडा बदलायचा नाही. पेट्रोलला वाइडबँड ओटू सेन्सर, डिझेलला धुराच्या तापमानाचा मीटर. नानांच्या मॅनिफोल्डवर असा एक मीटर असता तर माझी मूर्खपणाची सूचना त्याच दिवशी उघडी पडली असती.

आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हे ठामपणे सांगितलंय. म्हणजे घरच्या घरी टर्बो चढवून रस्त्यावर फिरवणं बेकायदा, आणि अपघात झाला तर विम्याचाही घोळ. टर्बोचं सरळ सहा कायदेशीर चालवायचं असेल तर आज बीएमडब्ल्यू एम३४०आय चेन्नईत जोडली जाते, तिच्यात तीन लिटरचं टर्बो सरळ सहाच आहे. २०१९ च्या नव्या सुप्रातही बीएमडब्ल्यूचंच तेच इंजिन. परवडत नाही? मलाही नाही. चाचांसारख्या कुणाच्या गॅरेजमध्ये एक सुट्टी घालवा, ती परवडते.

टर्बोची कुठलीही गाडी असली तरी एक सवय लावा: जोरात पळवून आल्यावर लगेच चावी बंद करू नका. मिनिटभर इंजिन शांत चालू द्या, म्हणजे तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधलं तेल तिथेच करपत नाही.

(२७:१०) शेवट

नानांचा टँकर त्या जूनमध्ये परत सुरू झाला, टर्बोशिवाय. चढावर पुन्हा दुसऱ्या गिअरमध्ये, पण चढायचा. नंतर तीन उन्हाळे त्याने पाणी टाकलं. पुढे नानांनी तो विकला. जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्या जवळच आहेत, आता बहुतेक तो कुणाच्या तरी स्लॅबमध्ये सळई होऊन बसला असेल.

कर्ज फिटलं. त्याबद्दल नाना मला आजवर एक शब्द बोलले नाहीत. फक्त घरात कुठलीही नवीन वस्तू आली, मिक्सर असो की फोन, की म्हणतात, "याला विचारा. पण स्क्रू फिरवू नका."

तुमच्याकडे जुन्या इंजिनाची गोष्ट असेल, ट्रक, ट्रॅक्टर, जीप काहीही, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात डिझेलचा पंप उघडून बघू, अर्थात टेस्ट बेंचवर. तोवर गाडी जपून चालवा. राम राम!